खालून आलेला होकार

सकाळी डॉक्टर खोलीत आली तेव्हा मिस्त्री हसत होते, आणि नेमकं तेच वहिनींना खटकलं.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट बसवणारे मिस्त्री. परक्या देशात, उंच उंच इमारतींच्या पोटात, हात काळे करून त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. कामावरचा प्रत्येक जण तिला फोनवरूनच वहिनी म्हणायचा, आणि ती इथे येऊन पोचल्यावर इस्पितळातल्या नर्सनीही तोच शब्द उचलला, अर्थ न कळता. अपघाताचा फोन आला तेव्हा ती आपल्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. मशीनवरचं कापड तसंच टाकून, शटर ओढून, ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. आज त्याच वाटेने परत जायचं होतं, नवऱ्याला आडवं घेऊन.

"काय मिस्त्री, झोप लागली?" डॉक्टरने विचारलं. ही पोरगेली डॉक्टर गावाकडूनच आली होती, रोग्याला विमानातून सोबत करायला. खांद्यावर तिच्या वजनाएवढी बॅग, आणि एप्रनच्या खिशात कायम बिस्किटाचा पुडा.

"गाढ."

"छातीत दुखतंय? दम लागतोय?"

"छाती एकदम फस्क्लास. तुम्ही फक्त गाडी मागवा."

डॉक्टरने नळी लावून ऐकलं. पुढून ऐकलं, कुशीत ऐकलं. "या बाजूला आवाज जरा कमी येतोय. पण बरगड्या मोडल्यात, दुखतं म्हणून माणूस श्वास पुरता घेत नाही. कालचा फोटो तर साफ आहे." मग ती वहिनींकडे वळली. "मी सारखं सारखं विचारते म्हणून कंटाळू नका. यांच्या फुप्फुसाला भोक पडलं होतं, ते बुजलंय. पण आत थोडी जरी हवा अडकून राहिली ना, तर विमान वर गेलं की ती फुगते." तिने खिशातला पुडा काढून दाखवला. "हा वर गेल्यावर कसा टम्म होतो, पाहिलंत ना येताना? पुड्याला फुगायला जागा असते. छातीत ती नसते."

"आणि हवा असली तर?"

"तर न्यायचं नाही."

"नाहीये हवा," मिस्त्री म्हणाले. "विषय संपला. गाडी मागवा."

वहिनींनी पांघरूण सारखं केलं. पांघरुणाखाली उजवा पाय होता, बाहेरून सळ्या लावून धरलेला, जणू एखाद्या पडक्या भिंतीला टेकू द्यावेत तसा. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हाडाचा चुरा झालाय, वरचं मांसही गेलंय, गुडघ्याखालून काढून टाकणं सगळ्यात सुरक्षित. गावाकडच्या सर्जनने फोटो पाहून म्हटलं होतं, "काढू देऊ नका. माझ्याकडे आणा, मी प्रयत्न करतो. पण लवकर आणा. उशीर झाला तर माझ्याही हातात काही राहणार नाही." विमानाच्या मागच्या खुर्च्या दुमडून त्यावर स्ट्रेचर बसवतात, आणि तशी परवानगी रोज मिळत नाही. आजची मिळाली होती. हुकली तर पुढची कधी, ते विमान कंपनीही सांगत नव्हती.

म्हणजे हिशेब सरळ होता. आजचं विमान म्हणजे पाय. वहिनी उठल्यापासून मनातल्या मनात नाम घेत होत्या, पण त्या नामाला आज लय सापडत नव्हती. देवाचं नाव आणि विमानाची वेळ यांची सारखी टक्कर होत होती.

तेवढ्यात दिराचा फोन आला. "वहिनी, सगळं ठीक ना? हे बघा, आईला मी फक्त पाय मुरगळलाय असं सांगितलंय."

"मुरगळलेल्या पायासाठी विमानातल्या खुर्च्या दुमडतात का हो, भावजी?"

"आता तिचं वय बघा ना. उगाच कशाला जिवाला घोर? तुम्हीपण फोनवर बरं आहे म्हणा."

"म्हणते," वहिनी म्हणाल्या. या घराची रीतच तशी होती. सासरे आजारी होते तेव्हा ते शेवटच्या दिवसापर्यंत 'बरे'च होते. सासूबाईंना मोतीबिंदू होता हे त्यांनी चहात मीठ घातल्यावर कळलं. दिराची नोकरी गेली तेव्हा तो रोज डबा घेऊन बाहेर पडायचा. सगळे एकमेकांवर इतकी माया करत, की कुणाचं काय दुखतंय ते कुणालाच ठाऊक नसायचं.

दारात कुणीतरी उभं राहिलं आणि खोलीतला उजेड कमी झाला. मिस्त्रींचा जोडीदार आला होता. सहा फुटांवर उंची, दाराएवढी छाती, म्हणून कामावर त्याचं नाव बारक्या.

"आत ये रे," मिस्त्री म्हणाले. "तू दारात उभा राहिलास की लोकांना वाटतं भिंत बांधली."

बारक्या हसला नाही. त्याने सामानाची बॅग उचलली. खाली नजर ठेवूनच तो म्हणाला, "गाडी आलीये."

मिस्त्री आणि डॉक्टर रुग्णवाहिकेतून गेले. वहिनी मागून कंपनीच्या गाडीत, बारक्या चालवत होता. रस्त्याला दोन्ही बाजूंनी अर्धवट बांधलेल्या इमारती, प्रत्येकीच्या अंगाला पिवळ्या क्रेन चिकटलेल्या. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसेनासा झाला की वहिनींचा जीव वरखाली होई.

"वहिनी," बारक्या एकदम म्हणाला, "तुम्ही मला काही विचारलं नाहीत."

"काय विचारू?"

"कसं झालं ते."

"कळलंय मला. वजन खाली आलं."

"मी आणलं ते." त्याचे हात चाकावर घट्ट झाले. "मी वर होतो. लिफ्टची पेटी वर गेली की तिच्या तोलाचं वजन दुसऱ्या बाजूने खाली येतं. ते खाली होते, खड्ड्यात. आमचा नेम आहे वहिनी, वरच्याने ओरडायचं, 'मोकळं?' खालच्याने आपले हात बघायचे, पाय बघायचे, हत्यार बघायचं, आणि मगच ओरडायचं, 'मोकळं!' त्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. शपथ घेऊन सांगतो, मी ओरडलो. आणि खालून आवाज आला, मोकळं. स्पष्ट आला."

"मग?"

"वजन ज्यावरून सरकतं त्या रुळापाशी ते वाकलेले होते. पाय अडकलेला होता. तरी आवाज आला." बारक्याने नाक ओढलं. "इतक्या वर्षांचं झालंय ना ते. माझा शब्द पुरा व्हायच्या आत त्यांचा शब्द तयार असतो. तोंडच उत्तर देतं, माणूस नाही. मला ते कळायला हवं होतं. इतक्या पटकन बघून होतच नाही."

वहिनींनी हात पुढे करून त्या पहाडासारख्या माणसाच्या खांद्यावर थोपटलं, आणि मग तोच हात त्यांच्या स्वतःच्या छातीवर येऊन थांबला. सकाळचं ते हसणं त्यांना पुन्हा दिसलं. डॉक्टरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आलेलं उत्तर.

"जरा जोरात घे गाडी," त्या म्हणाल्या.

विमानतळावर आजारी प्रवाशांसाठी एक वेगळी खोली होती. पांढऱ्या भिंती, एक पाण्याचं यंत्र, आणि एक घड्याळ जे वहिनींनी मुद्दाम पाठीमागे टाकलं. स्ट्रेचर खोलीच्या मधोमध होतं. डॉक्टर विमान कंपनीच्या बाईंशी बोलायला समोरच्या टेबलापाशी गेली. बारक्या बॅगा घेऊन बाहेर थांबला.

"अहो," वहिनी वाकून म्हणाल्या. "कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"पाणी देऊ, की थोडं वर बसवू?"

"बरं आहे म्हटलं ना."

"माझं नाव काय?"

"बरं..." मिस्त्री थांबले. मग त्यांनी डोळे उघडले.

ते डोळे पाहिले आणि वहिनींना पुढे काही विचारायची गरज उरली नाही. पण त्यांनी विचारलं. "खरं सांगा. छातीत काय होतंय?"

"हळू बोल."

"काय होतंय?"

"पहाटेपासून आवळल्यासारखं होतंय. जरा. आत कुणी गुडघा टेकवून बसल्यासारखं." ते एकेका शब्दाला थांबत होते. "सांगू नकोस. अगं, विमानात चढलो की झालं. चार-दोन तास दात आवळून काढीन."

"डॉक्टर काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. तिचं कामच आहे घाबरवायचं. तुला माहितीये, पाय गेला तर मी काय करणार? शिडी चढायची नाही, खड्ड्यात उतरायचं नाही. तुझ्या दुकानात बसून बटणं लावू?" त्यांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "तुला माझी आण आहे. गप्प बस. एवढं एक कर."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साधा चहासुद्धा 'झालाय का' असं विचारायचा. आणि आज मागितलं ते हे.

काचेपलीकडे विमान दिसत होतं. त्याच्या पोटात सामान चढत होतं. वहिनींनी डोळे मिटले आणि देवाला विचारायला गेल्या, तर तोंडून आपोआप निघालं, सगळं नीट होऊ दे. रोज निघतं तेच. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. माणूस देवापुढेसुद्धा असाच उभा राहतो, हात जोडलेले, ओठ चाललेले, आणि आपला पाय कुठे अडकलाय ते बघत नाही. तो वरून विचारत असेल बिचारा, आणि आपण न बघताच होकार देत असू. त्या पुन्हा आत वळल्या, आणि या वेळी नुसतं बघितलं. पाय गेलेला नवरा दिसला. कुबड्या दिसल्या, चिडचिड दिसली, दुकानाच्या कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस दिसला. ते सगळं फार वाईट होतं. पण त्या सगळ्यात तो होता.

त्यांनी मनगट सोडवून घेतलं.

"अगं..."

"डॉक्टर!" वहिनींचा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरचा बारक्या आत आला. "यांच्या छातीत पहाटेपासून आवळतंय. यांनी खोटं सांगितलंय तुम्हाला."

डॉक्टर धावत आली. नळी लावली, बोटांनी छातीवर टकटक केलं, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, परत डाव्या. तिच्या चेहऱ्यावरचं पोरपण कुठच्या कुठे गेलं. ती उठून त्या कंपनीच्या बाईंना एवढंच म्हणाली, "आम्ही जात नाही आहोत."

मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत ते एकच वाक्य बोलले, तेही बायकोकडे न बघता. "पाय गेला तर तुझ्यामुळे गेला असं समजेन मी."

"समजा," वहिनी म्हणाल्या.

फोटोत हवा निघाली. डॉक्टरने वहिनींना पडद्यावर दाखवलं, एक काळी कड, चंद्राच्या कोरीसारखी. "एवढीशीच आहे. पण वर गेल्यावर एवढीशी राहिली नसती. आणि मध्येच विमान उतरवायला खाली नुसतं पाणी असतं." ती खुर्चीत बसली आणि तिने पुडा उघडला, पण बिस्किट खाल्लं नाही. "मी आज सकाळी पुन्हा फोटो काढायला हवा होता. त्यांच्या हसण्यावर गेले मी."

"आमच्या घरात सगळे छान हसतात," वहिनी म्हणाल्या.

बरगड्यांच्या मधून पुन्हा नळी घातली गेली. तिच्या टोकाला एक छोटी झडप होती. हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही, अशी. ही झडप लावून, सोबत डॉक्टर असेल तर, नेता येईल म्हणे. पण परवानग्या नव्याने काढायच्या होत्या. पुढचे दिवस कसे गेले ते वहिनींना नंतरही नीट सांगता आलं नाही. डॉक्टर फोनवर भांडत होती. बारक्या विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन नुसता उभा राहायचा. तो उभा राहिला की तिथले लोक पटापट काम करायचे. गावाकडचा सर्जन रोज पायाचा फोटो मागवायचा आणि फोटो बघून काहीच बोलायचा नाही. ते न बोलणं वहिनी रात्रंदिवस उलगडत बसायच्या.

मिस्त्री बोलत नव्हते. पाणी हवं असलं तर नर्सला खूण करायचे. एकदाच, वहिनी त्यांचं तोंड पुसत असताना, ते छताकडे बघत म्हणाले, "बारक्याला सांग, चूक माझी होती. मी न बघता ओरडलो."

"तुम्हीच सांगा. तो बाहेर बसलाय."

बारक्या आत आला. दोघांत काय बोलणं झालं ते वहिनींनी ऐकलं नाही, त्या मुद्दाम बाहेर थांबल्या. पण थोड्या वेळाने आतून त्या अवाढव्य माणसाचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं, आणि त्यावर मिस्त्रींचा वैतागलेला आवाज, "अरे, आता खाट हलवू नकोस, सळ्या आहेत!"

परवानगी आली ती अचानक, दुपारच्या विमानाची.

या खेपेला डॉक्टरने निघायच्या आधी फोटो काढला, निघाल्यावर नळी तपासली, विमानतळावर पुन्हा तपासली. स्ट्रेचर विमानाच्या दारापर्यंत न्यायला एक गाडी होती, तिची अख्खी खोलीच यंत्राने वर उचलली जाते. ती कुरकुरत वर चढू लागली आणि कितीतरी दिवसांनी मिस्त्रींच्या कपाळावर कामाची आठी पडली.

"हिच्या साखळीला कुणी तेल घातलं नाहीये," ते म्हणाले.

"उतरून घालता का?" वहिनी म्हणाल्या.

ते हसले नाहीत, पण तिच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं.

विमानाच्या शेवटच्या भागात दुमडलेल्या खुर्च्यांवर स्ट्रेचर बसवलं, पट्टे आवळले, पडदा ओढला. पलीकडे प्रवासी सामान कोंबत होते, कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. डॉक्टर उशाशी, वहिनी कुशीशी. इंजिनांचा आवाज वाढला तसा वहिनींनी त्या झडपेवर डोळा लावला. आपण शिवणाच्या सुईत दोरा ओवताना बघतो तसा, पापणी न लववता. विमानाने जमीन सोडली. शरीर मागे दाबलं गेलं. झडप फडफडली, थांबली, पुन्हा फडफडली.

"श्वास कसा आहे?" डॉक्टरने विचारलं.

मिस्त्री गप्प राहिले. मग वहिनींना कळलं, ते बघतायत. आत बघतायत.

"दुखतंय, पण नळी घातलीय तिथेच," मिस्त्री सावकाश म्हणाले. "त्या दिवसासारखं आवळत नाहीये. श्वास पोचतोय."

"छान."

"दुसरं एक आहे." हे बोलले ते डॉक्टरशी नाही, बायकोशी. "पायाची बोटं कळत नाहीयेत मला. कालपासून. आधी मुंग्या यायच्या, आता तेही नाही. सांगितलं असतं तर हेही विमान गेलं असतं असं वाटलं. पण न सांगता राहवेना."

वहिनींच्या तोंडावर 'होईल हो बरं' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. त्यांनी ते गिळलं आणि पायापाशी सरकून पांघरूण उचललं. डॉक्टर त्यांच्या शेजारी आली. सळ्यांच्या खालचं ते पाऊल मेणासारखं दिसत होतं. डॉक्टरने बोटं दाबली, सोडली, रंग परत येतो का पाहिलं. मग पावलावर दोन बोटं टेकवून ती डोळे मिटून बसली. इंजिनाच्या घरघरीत तिला काय लागत असेल, कुणास ठाऊक. वहिनींनी नाम घेतलं नाही. तेवढीही हालचाल नको वाटली.

"नाडी आहे," डॉक्टर अखेर म्हणाली. "बारीक आहे. पण आहे. उतरल्यावर सरळ ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं, मी वैमानिकाकरवी खाली निरोप देते. त्यापुढचं मी सांगू शकत नाही, ताई. पाय वाचेल असं म्हणत नाही मी."

"म्हणू नका," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर पडद्याबाहेर गेली. वहिनींनी ते थंड पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं. दाबून नाही, नुसतं धरलं.

"धरलंयस का?" मिस्त्रींनी विचारलं. "मला कळत नाहीये."

"धरलंय."

"मी घाबरलोय गं."

"मीपण," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत, वहिनींनीही नाही. विमान अजून वर चढतच होतं.